कार, मॅक्सी कॅब की बस? सहाच्या आकड्याची पार्श्वभूमी

दारात उभ्या असलेल्या आठ आसनी गाडीला घरचे सगळे कारच म्हणतात. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत मात्र ती ‘ऑम्निबस’ ठरते. चालक सोडून सहापेक्षा जास्त माणसे बसतील अशी बांधलेली किंवा तशी करून घेतलेली गाडी म्हणजे ऑम्निबस, आणि ‘मोटार कार’च्या व्याख्येतून ऑम्निबस स्पष्टपणे वगळलेली आहे. गाडीचा आकार, तिचे दरवाजे, कंपनीने जाहिरातीत लावलेले नाव, यांपैकी कशाचाही इथे संबंध येत नाही.

हा सहाचा आकडा जुना आहे. १९३९च्या कायद्यात भाड्याच्या मोटार कॅबला चालक सोडून सहा प्रवाशांची मर्यादा होती. त्याहून जास्त माणसे घेऊन प्रत्येकाकडून वेगळे भाडे घेणारी गाडी ‘स्टेज कॅरेज’, म्हणजे एसटीच्या जातकुळीतली. मधल्या गाड्यांना स्वतंत्र पायरी मिळाली ती १९८८च्या कायद्यात, जो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. सात ते बारा प्रवाशांची भाड्याची गाडी ‘मॅक्सी कॅब’ झाली.

ग्रामीण महाराष्ट्राला ही पायरी काळी-पिवळी जीप म्हणून ठाऊक आहे. कायद्याने मॅक्सी कॅब कंत्राटी वाहनांत, म्हणजे ठरलेल्या करारावर भाड्याने घेतल्या जाणाऱ्या गाड्यांत, घातली आणि कंत्राटी वाहनाला वाटेत कराराबाहेरचे प्रवासी चढवता-उतरवता येत नाहीत. पश्चिम महाराष्ट्रातले वडाप तर नेमके त्यावरच चालते: फाट्याफाट्यावर थांबायचे, सीट भरत पुढे जायचे. जिथे एसटी दिवसातून एकदोनदाच येते, तिथल्या माणसांची ही गरज व्याख्येत मावली नाही, असे मला वाटते.

चालकाच्या परवान्याचा हिशेब मात्र माणसांवर नाही, वजनावर चालतो. १९९४च्या दुरुस्तीने हलक्या वाहनाची मर्यादा ६,००० किलोंवरून ७,५०० किलोंवर नेली. तेवढ्या वजनाचे प्रवासी किंवा मालवाहू वाहन साध्या हलक्या परवान्यावर चालवता येते का, यावर विमा कंपन्या अपघाताच्या भरपाईचे दावे लढवत राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ‘होय’ म्हटले आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते कायम केले. अपघातग्रस्तांच्या घरांसाठी हा फार मोठा दिलासा होता.

सुरक्षेच्या नियमांची रेघ आणखी वेगळी. तिथे चालकाशिवाय आठ आसनांपर्यंतची प्रवासी गाडी ‘एम-१’ वर्गात बसते. नऊ किंवा जास्त आसने असतील तर पाच टनांपर्यंत ‘एम-२’, त्यापुढे ‘एम-३’. कर आकारणीत गाडी ज्या गटात मोडते ते शीर्षकही चालक धरून दहा माणसांपासून बदलते, म्हणजे या दोन रेघा एकाच जागी पडतात. सहावर अडून राहिला आहे तो फक्त मूळ कायदा. तो आकडा आठवर न्यायला हवा, निदान खासगी गाड्यांसाठी तरी.