खगोल-कणभौतिकीतील संशोधन, गोव्यातून

अवकाशातून येणाऱ्या मूलकणांवरून ताऱ्यांचा व विश्वाचा आणि आकाशातल्या घडामोडींवरून मूलकणांचा शोध घेणाऱ्या शाखेला खगोल-कणभौतिकी म्हणतात. बलूनमधून सुमारे ५,३०० मीटरपर्यंत गेलेल्या व्हिक्टर हेस यांना १९१२ मध्ये वर जावे तसा किरणोत्सर्ग वाढताना आढळला. अवकाशातून येणारे हेच विश्वकिरण. कणांना प्रचंड वेग देणारी यंत्रे, म्हणजे मोठे कणप्रवेगक, येण्याआधी पॉझिट्रॉन (१९३२), इलेक्ट्रॉनसारखाच पण जड असा म्यूऑन (१९३६) आणि पायॉन (१९४७) हे कण त्यांच्यातच सापडले. एका कणापासून कणांची सर कशी कोसळते, याचे गणित होमी भाभा व वॉल्टर हाइटलर यांनी १९३७ मध्ये मांडले.

या शास्त्राला एक तर उंच डोंगर लागतो, नाही तर खोल खाण. गोव्यात खाणी उदंड, पण त्या उघड्या. इतर कण अडवायला डोक्यावर दोन किलोमीटर खडक हवा तिथे आभाळच. वातावरणात जन्मणारे न्यूट्रिनो, म्हणजे खडकातूनही सहज आरपार जाणारे कण, १९६५ मध्ये टिपले गेले ते कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सव्वादोन किलोमीटरहून अधिक खोलीवर. विश्वकिरणांच्या सरी मोजणारा ग्रेप्स-३ हा प्रयोग उटीला आहे, तर गॅमा किरणांची २१ मीटर व्यासाची ‘मेस’ दुर्बीण लडाखमध्ये हानलेला. पावसाळ्यात आभाळ महिनोन् महिने झाकणाऱ्या किनाऱ्यावर तिचा उपयोग नव्हता.

तरीही समुद्रसपाटीवर म्यूऑन पोचतातच. आडव्या धरलेल्या पृष्ठभागाच्या दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक. म्यूऑनचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, तेवढ्या वेळात प्रकाशाच्या वेगानेही जेमतेम ६६० मीटर कापून होतील. तो निर्माण होतो मात्र १५ किलोमीटर उंचीच्या आसपास. सापेक्षतेमुळे आपल्या दृष्टीने त्याचे घड्याळ मंदावते, म्हणून तो ताळगावच्या पठारावर उतरू शकतो. हे मोजायला सिंटिलेटरच्या, म्हणजे कण आरपार गेला की क्षणभर चमकणाऱ्या पदार्थाच्या, दोन फळ्या पुरतात. काळ्या कागदात गुंडाळायच्या, चिकटपट्टीने घट्ट बंद करायच्या, एकीवर एक काही अंतराने ठेवायच्या आणि दोन्हींत एकाच क्षणी ठिणगी चमकली तरच नोंद धरायची. २० सेंटिमीटर बाजूच्या चौरस फळीवर मिनिटाला सुमारे ४०० म्यूऑन पडतात. दोन्हींतून आरपार जाणारे त्याहून कमी. मांडणी ओळंब्यापासून ६० अंश कलवली की मोजणी जवळपास चौथाईवर येते. मृग लागला की गोव्यात दमट हवेने जोडण्यांतून उच्च दाबाची वीज झिरपते आणि खोटे ठोके मोजले जातात. प्रयोगशाळेत घालवलेला पहिला पावसाळा माणसाला आकडा आणि गोंगाट यांतला फरक शिकवतो, असे या लेखकाचे मत.

गोव्यातल्या विद्यार्थ्याची वाट बहुधा मडगाव किंवा पणजी परिसरातल्या महाविद्यालयातून बी.एस्सी., मग ताळगावच्या गोवा विद्यापीठातून (स्थापना १९८५) किंवा बाहेरून एम.एस्सी., त्यानंतर नेट, जेस्ट यांसारख्या परीक्षा अशी जाते. पीएच.डी.साठी बहुतेकांना घाट चढावाच लागतो. पुढे दोन-तीन वर्षांच्या एकेका नेमणुकीवर गावोगाव, देशोदेशी. हजारोंच्या गटात आपले काम दिसणार किती, हाही प्रश्न असतोच. हिग्ज कणाच्या वस्तुमानावरच्या २०१५ मधल्या शोधनिबंधाला पाच हजारांहून अधिक लेखक होते आणि ३३ पानांतली २४ पाने नावांनीच व संस्थांनी भरली होती. परत येऊन महाविद्यालयात शिकवणाऱ्यांना पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची (स्थापना १९८८) सहयोगी योजना संशोधन चालू ठेवायला उपयोगी पडते.

बाहेरचे शास्त्रज्ञ मात्र गोव्यात आले. गुरुत्वाकर्षण व विश्वरचनाशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद डिसेंबर १९८७ मध्ये गोव्यात भरली. तिचे वृत्तांत संपादित करणाऱ्यांत जयंत नारळीकर होते. त्याच वर्षी २३ फेब्रुवारीला १९८७-ए या अतिनवताऱ्याचे, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्याचे, न्यूट्रिनो जपानच्या कामिओकांदे या डिटेक्टरमध्ये ११, अमेरिकेच्या आयएमबी या डिटेक्टरमध्ये ८ नोंदले गेले होते. एवढ्या मूठभर नोंदींवर ताऱ्याचा गाभा कसा कोसळतो, या सिद्धांताची पडताळणी झाली.

कारकिर्दीतली मोठी जोखीम प्रकल्पाची असते. तमिळनाडूतल्या बोडी डोंगरात ५०,००० टन चुंबकित लोखंडाचा न्यूट्रिनो डिटेक्टर बसायचा होता. २०१५ मध्ये मंजुरी मिळूनही स्थानिक विरोध व पर्यावरणाच्या वादात तो अडकला. मदुराईत उभारलेली त्याची छोटी प्रतिकृती मोजते ते विश्वकिरणांतलेच म्यूऑन.