चेतातंतूंचे दिशादर्शन (गोलकृमी)

गर्भ वाढत असताना चेतापेशीतून निघालेला अक्षतंतू, म्हणजे संदेश वाहून नेणारा लांब धागा, ठरलेल्या जागी पोहोचतो, त्या प्रक्रियेला चेतातंतूंचे दिशादर्शन म्हणतात. वाढत्या तंतूच्या टोकाशी पंजासारखा पसरट वृद्धिशंकू असतो. बोटांसारखे बारीक फाटे पुढे काढत आणि आखडून घेत तो वाट चाचपतो. त्याच्या पृष्ठभागावर ग्राही नावाची प्रथिने असतात. आसपासच्या पेशींनी सोडलेले किंवा त्यांच्या अंगावर असलेले रेणू ती ओळखतात. यांतले काही महत्त्वाचे ग्राही सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या गोलकृमीत सर्वप्रथम सापडले.

हा कृमी कुजक्या फळांत व पाल्यापाचोळ्यात राहतो. लांबी जेमतेम १ मिमी, अंग काचेसारखे पारदर्शक. त्याच्या उभयलिंगी रूपात चेतापेशी बरोबर ३०२ असतात. १९८६ मध्ये जॉन व्हाइट आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पातळ छेद तपासून या पेशींच्या जोडण्यांचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यामुळे एखादा तंतू भरकटला, तर तो कोणत्या पेशीचा आणि कुठे जायला हवा होता, हे नाव घेऊन सांगता येते. दुसऱ्या कोणत्याही प्राण्यात त्या काळी ही सोय नव्हती.

धडधाकट कृमी आगरवर, म्हणजे प्रयोगशाळेतल्या जेलीसारख्या थरावर, नागमोडी सरपटतो. टोकाला पापणीचा केस चिकटवलेल्या काडीने डोक्याला हलकेच स्पर्श केला, की तो लगेच मागे सरतो. केंब्रिजमध्ये जीवशास्त्रज्ञ सिडनी ब्रेनर यांना असे काही उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेले) कृमी मिळाले, जे नीट सरपटूच शकत नव्हते: कोणी जागीच वेटोळे घाली, कोणी अडखळे. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात अशा जनुकांना ‘अन्क’ हे नाव आणि क्रमांक दिले गेले. सुसूत्र हालचाल नसणे या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे ते लघुरूप आहे.

यांपैकी तीन जनुकांचा उलगडा १९९० मध्ये एडवर्ड हेजकॉक, जोसेफ कुलॉटी आणि डेव्हिड हॉल यांनी केला. कृमीच्या बऱ्याच चालक (स्नायूंना हलवणाऱ्या) चेतापेशी पोटाच्या बाजूच्या चेतारज्जूत असतात. त्यांतल्या काहींचे तंतू त्वचेलगत अर्धे अंग वळसा घालून पाठीच्या रज्जूला मिळतात. इतर काही तंतू उलट, वरून पोटाकडे उतरतात. अन्क-५ बिघडले तर पाठीकडची चढण चुकते आणि तंतू मधेच आडवे भरकटतात. अन्क-४० बिघडले तर मुख्यतः पोटाकडची उतरण चुकते. अन्क-६ बिघडले तर दोन्ही. केवळ या चुकांच्या मांडणीवरून अन्क-६ हा संकेत आणि बाकीचे दोन त्याचे वाचक असावेत, असा तर्क निघाला. पुढे प्रथिनांची रचना कळली तेव्हा तो खरा ठरला. जनुकशास्त्राच्या इतक्या देखण्या अनुमानाची उदाहरणे थोडीच असतील.

अन्क-६ जनुकापासून बनणारे त्याच नावाचे प्रथिन पोटाच्या बाजूच्या पेशी स्रवतात. अन्क-४० असलेला शंकू त्याच्याकडे ओढला जातो. अन्क-५ असलेला त्याच्यापासून दूर सरतो, आणि या दूर सरण्यातही अन्क-४० बरेचदा मदत करते. म्हणजे संकेत एकच. जवळ यायचे की लांब जायचे, हे शंकूच्या अंगावरचा ग्राही ठरवतो. याचा थेट पुरावा कुलॉटी यांच्या टोरांटोतील गटाने १९९३ मध्ये दिला. स्पर्श जाणणाऱ्या चेतापेशींचे तंतू एरवी पाठीकडे जात नाहीत. या पेशींना अन्क-५ तयार करायला लावताच त्यांचे तंतू पाठीकडे वळले. अन्क-६ नसलेल्या कृमीत मात्र हे वळण दिसले नाही. पेशी तीच होती, परिसरही तोच होता. बदलला होता फक्त एक ग्राही.

कोंबडीच्या गर्भाच्या मेंदूतून अन्क-६ सारखेच प्रथिन वेगळे काढल्याचे १९९४ मध्ये मार्क टेसिए-लाविन्य यांच्या सॅन फ्रान्सिस्कोतील गटाने जाहीर केले. त्याला नाव दिले नेट्रिन, संस्कृत ‘नेतृ’ म्हणजे वाट दाखवणारा यावरून. मराठीतले नेता आणि नेतृत्व हे शब्द याच मुळातून आले आहेत.

तंतू एकाच खुणेवर विसंबत नाहीत. एव्हीएम या स्पर्शपेशीचा तंतू पोटाकडे उतरतो, तो अन्क-६ च्या ओढीने आणि पाठीच्या स्नायूंतून येणाऱ्या एसएलटी-१ या प्रथिनाच्या रेट्याने. हा रेटा सॅक्स-३ हा ग्राही जाणतो. एक यंत्रणा बंद पडली तरी पुष्कळ कृमींत तंतू खाली पोहोचतो. दोन्ही बंद पडल्या तर बहुतेकांत चुकतो. डोक्याकडे की शेपटीकडे, हे ठरवण्यात डब्ल्यूएनटी कुळातील प्रथिने भाग घेतात.

पोहोचलेला तंतू जागेवर टिकवणे हे वेगळे काम आहे. ते सॅक्स-७ हे पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे प्रथिन करते. ते नसेल तर नीट घडलेल्या चेतापेशी आणि तंतू पुढे जागेवरून सरकतात, कारण सरपटताना अंगाला सतत ताण बसतो. असा कृमी लुळा करून ठेवला, तर हे सरकणे टळते. त्वचेतले हेच सॅक्स-७ पीव्हीडी या चेतापेशीच्या शाखांनाही आकार देते. देवळापुढच्या दीपमाळेसारख्या त्या ओळीने फुटतात.

माणसात अन्क-४० शी नाते असलेले प्रथिन डीसीसी हे आहे. त्याच्या जनुकात दोष असलेल्या काही लोकांमध्ये जन्मतः प्रतिबिंबित हालचाली दिसतात: एका हाताची मूठ वळली, की दुसऱ्या हाताचीही आपोआप वळते.