वैमानिक-प्रशिक्षण सिम्युलेटर

कॉकपिटची हुबेहूब प्रतिकृती, तिला हलवणारे पाय, काचेबाहेरचे दृश्य उभे करणारी प्रक्षेपणव्यवस्था आणि विमानाचे गतिगणित सोडवणारा संगणक यांचे मिळून बनलेले यंत्र. विमान कंपन्यांतील वैमानिकांना नव्या जातीच्या विमानाचे शिक्षण यावरच मिळते. ठरावीक मुदतीच्या चाचण्याही यावरच होतात. धावपट्टी सोडताना इंजिन बंद पडणे यासारखे प्रसंग खऱ्या विमानात सरावासाठी घडवणे जिवावर बेतू शकते.

फ्रान्समधील आंत्वानेत कंपनीचे अर्ध्या पिंपांपासून केलेले, माणसांनी हाताने डोलवायचे साधन (सुमारे १९१०) हे याचे आद्य रूप मानतात. खरी परंपरा मात्र एडविन लिंक यांच्यापासून धरणे योग्य. अमेरिकेतील बिंगहॅम्टन येथे वडिलांचा पियानो व ऑर्गनचा कारखाना होता. तिथल्याच हवेच्या भात्यांवर त्यांनी १९२९च्या सुमारास डोलणारे विमान उभारले. आरंभी गिऱ्हाईक मिळाले ते करमणुकीच्या बागांचे. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर टपालवाहतूक सोपवली गेली, खराब हवेत अनेकांचा बळी गेला, आणि मग लष्कराने ही यंत्रे घेतली. १९४८ मध्ये पॅन ॲम या अमेरिकी विमान कंपनीला मिळालेल्या बोइंग ३७७ च्या सिम्युलेटरला गतीही नव्हती आणि दृश्यही नव्हते.

आजच्या सहा पायांच्या मंचाला सर्रास ‘स्ट्यूअर्ट मंच’ म्हणतात. हे नाव डी. स्ट्यूअर्ट यांच्या १९६५ च्या निबंधावरून रूढ झाले. परंतु डनलॉप कंपनीत एरिक गॉफ यांनी टायरच्या चाचणीसाठी असे सहा पायांचे यंत्र १९५० च्या दशकाच्या मध्यातच चालवले होते, आणि स्ट्यूअर्ट यांच्या निबंधावरील चर्चेत त्यांनी ते मांडलेही. क्लाउस कॅपेल यांनी अमेरिकेत १९६४ मध्ये स्वतंत्रपणे पेटंटचा अर्ज केला; ते १९६७ मध्ये मिळाले. स्ट्यूअर्ट यांची मूळ रचना आजच्या मंचाहून बरीच वेगळी असल्याने ‘गॉफ-स्ट्यूअर्ट मंच’ हे नाव अधिक न्याय्य ठरते.

मंचाच्या पायांची लांबी फार तर दीड मीटरच्या आसपास कमी-जास्त होऊ शकते. उड्डाणापूर्वीची विमानाची वेग घेत जाणारी धाव मात्र अर्धा मिनिट किंवा त्याहून अधिक चालते. म्हणून मंच आधी पुढे झटका देतो, मग हळूहळू मागे सरकत कॉकपिटचे नाक वर उचलतो. पडद्यावरचे क्षितिज सपाटच राहते. त्यामुळे पाठीवर येणारा गुरुत्वाचा भार शरीराला वेगवाढीसारखा वाटतो. ही कलती सेकंदाला सुमारे ३ अंशांहून जलद झाली, तर आतल्या कानाला ती कळते आणि नाक वर गेल्याचा खोटा भास होतो. नियंत्रणाचा दांडा हलवल्यापासून दृश्य बदलेपर्यंतचा विलंब वाढला, तर मळमळ सुटते, शिवाय वैमानिक गरजेपेक्षा जास्त दांडा ओढतो. या विलंबाची ०.१५ सेकंद ही मर्यादा पुढे आणखी कडक झाली. ६० अंश कलून उंची राखत वळताना शरीराचे वजन दुप्पट भासते, तो भार मात्र हा मंच देऊच शकत नाही.

गतीमुळे शिक्षण सुधारते का, यावर मतभेद आहेत. काही प्रयोगांत मंच बंद ठेवूनही फारसा फरक पडला नाही. तथापि, एका बाजूचे इंजिन अचानक गेल्याची पहिली खूण अंगालाच लागते. त्यामुळे मंच ठेवण्याच्या बाजूने झुकणारे मत ग्राह्य वाटते.

यंत्र कितीही चांगले असले, तरी त्यात भरलेली उड्डाणचाचण्यांची आकडेवारी जिथे संपते तिथून पुढचे वर्तन अंदाजाचे असते, आणि सरावाची रचनाच चुकली तर चुकीची सवय लागते. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन एअरलाइन्सचे ए३००-६०० विमान शेपटीचा उभा पंख तुटून कोसळले व २६५ माणसे दगावली. सहवैमानिकाने सुकाणू (त्या उभ्या पंखाचा मागचा हलणारा भाग) अनावश्यक जोराने वापरल्याचा निष्कर्ष चौकशीत निघाला. सुकाणूप्रणालीच्या रचनेबरोबर कंपनीच्या प्रशिक्षणाचाही वाटा मान्य झाला. त्या प्रशिक्षणातील एका सिम्युलेटर-सरावात नियंत्रणांचा परिणाम काही क्षण मुद्दाम दडपला जाई, आणि वैमानिकाला ते सांगितलेले नसे. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेतील बफेलो शहराजवळ एक विमान स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल ढासळून, कोसळले; त्यानंतर अमेरिकेने पूर्ण स्टॉलचा सराव सक्तीचा केला. त्यासाठी सिम्युलेटरमधील गणित स्टॉलच्या पलीकडे वाढवावे लागले.