खेळ संपल्यावरचा तास

मार्च २०२० मध्ये जगभरची चित्रपटगृहं एकेक करून बंद होत होती. न्यूयॉर्कच्या 'किनो लॉर्बर' या वितरण कंपनीचा 'बाकुराउ' हा ब्राझिलियन चित्रपट तेव्हा पडद्यावर येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. पुढच्या शहरांतल्या तारखा ठरलेल्या, आणि ज्या थिएटरांत तो लागायचा त्यांच्या दाराला कुलूप. चित्रपट थेट ऑनलाइन विकून टाकणं कंपनीला सोपं होतं. तिनं वेगळाच मार्ग काढला. प्रेक्षकानं आपल्या नेहमीच्या थिएटरच्या संकेतस्थळावरून तिकीट काढायचं, चित्रपट घरी बघायचा आणि त्या पैशातला वाटा कंपनीनं बंद पडलेल्या थिएटरला द्यायचा. या सोयीचं नाव 'किनो मार्की'. मार्की म्हणजे थिएटरच्या दारावरचा, चालू चित्रपटाचं नाव लावायचा फलक. बघता बघता इतर छोट्या वितरकांनीही हीच पद्धत उचलली आणि 'व्हर्च्युअल सिनेमा' हा शब्द रूढ झाला.

त्याच सुमारास स्वतंत्र थिएटरांनी आणखी एक गोष्ट सुरू केली. तिचा फारसा गाजावाजा झाला नाही. आठवड्याचा एखादा जुना, नावाजलेला चित्रपट ठरवायचा, सभासदांनी तो जिथे मिळेल तिथे पाहायचा आणि ठरल्या संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर जमून त्यावर बोलायचं. यात थिएटर चित्रपट दाखवतच नव्हतं, फक्त चर्चा घडवून आणत होतं. पडदा नाही, प्रोजेक्टर नाही, अनेकदा तिकीटही नाही. थिएटर म्हणवणाऱ्या संस्थेनं असं काही करावं हे वरवर विचित्र वाटतं. पण या थिएटरांची कुळकथा पाहिली तर खेळ संपल्यावरचा तास त्यांच्या धंद्यात पहिल्यापासून आहे. काही ठिकाणी तर खेळाआधी तोच आला.

पॅरिसमध्ये लुई देल्युक यांनी जानेवारी १९२० मध्ये सिने-क्लबच्या, म्हणजे चित्रपट पाहून त्यावर बोलणाऱ्यांच्या मंडळाच्या, नावानं नियतकालिक काढलं. क्लब अजून नीट उभा नव्हता आणि त्याचा अंक मात्र निघाला होता! पुढच्या वर्षी रिच्चोत्तो कानुदो यांनी 'सातव्या कलेच्या मित्रांचा' क्लब स्थापन केला. चित्रपटाला सातवी कला म्हणण्याची रीत कानुदोंचीच. चित्रकार, कवी, संगीतकार जमवायचे आणि सिनेमा ही कला आहे असं एकमेकांना पटवून द्यायचं, असा तो मामला होता.

१९२४ मध्ये झां तेदेस्को यांनी व्ह्यू-कोलाँबिए हे नाट्यगृह घेतलं आणि तिथे चित्रपट दाखवायला सुरुवात केली. त्यांची कल्पना आज साधी वाटते: चांगला चित्रपट पुन्हा दाखवावा. त्या काळी ती साधी नव्हती. धंद्याच्या दृष्टीनं दोन वर्षांचा चित्रपट म्हणजे शिळं वर्तमानपत्र. प्रिंट, म्हणजे चित्रपटाच्या प्रती, झिजल्या की त्यातली चांदी काढून घेत आणि उरलेलं सेल्युलॉइडही कशाकशाला वापरत. 'अभिजात चित्रपट' असा काही प्रकार अस्तित्वातच नव्हता. जुना चित्रपट अभिजात ठरायचा तर कुणीतरी तो जपायला हवा, पुन्हा दाखवायला हवा आणि त्याच्याविषयी बोलत राहायला हवं. ही तिन्ही कामं पुढची शंभर वर्षं साधारण एकाच प्रकारच्या माणसांनी केली.

लंडनची गोष्ट अधिक रंजक आहे, कारण तिच्यात आगीचा बंब आहे. त्या वेळची नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही होती, म्हणून १९०९ मध्ये ब्रिटनमध्ये चित्रपटगृहांच्या परवान्याचा कायदा आला. हेतू सुरक्षिततेचा होता. पण परवाना द्यायचा अधिकार स्थानिक संस्थांच्या हाती आला आणि त्यांनी त्याच परवान्याच्या अटींतून काय दाखवायचं हेही ठरवायला सुरुवात केली. आग विझवण्यासाठी केलेल्या कायद्यातून सेन्सॉरशिप निघाली ती अशी. आयव्हर माँटेग्यू आणि मित्रांनी २५ ऑक्टोबर १९२५ ला, एका रविवारी, लंडनच्या न्यू गॅलरी किनेमामध्ये 'फिल्म सोसायटी'चा पहिला खेळ केला, तो या कायद्याच्या सावलीत. खेळ जाहीर नव्हता. वर्गणी भरलेल्या सभासदांपुरताच होता, म्हणून सेन्सॉरचं प्रमाणपत्र नसलेले चित्रपटही तिथे दाखवता आले. बर्नार्ड शॉ आणि एच. जी. वेल्स यांची नावं संस्थापक सभासदांत होती. ब्रिटनमध्ये बंदी असलेला सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइनचा 'बॅटलशिप पोटेमकिन' याच सोसायटीनं नोव्हेंबर १९२९ मध्ये दाखवला, आणि खुद्द आयझेनस्टाइन त्या वेळी हजर होता.

शॉ-वेल्सच्या सोसायटीला मिळालेली ही मोकळीक कामगारांच्या फिल्म मंडळांना इतक्या सहज मिळत नसे. पॅरिसमध्ये १९२८ साली सोव्हिएत चित्रपट दाखवणारा 'स्पार्टाकसचे मित्र' हा कामगार क्लब पोलिसांच्या दबावामुळे काही महिन्यांतच गुंडाळावा लागला. ब्रिटनमधल्या मंडळांनी मात्र कायद्यातच पळवाट शोधली. कायदा ज्वालाग्राही फिल्मला लागू होता ना? मग १६ मिलिमीटरची न पेटणारी फिल्म वापरायची. १९२३ मध्ये हौशी लोकांसाठी बाजारात आलेलं हे छोटं माप पुढे जगभरच्या फिल्म सोसायट्यांचा कणा झालं. प्रोजेक्टर उचलून नेता येई आणि शाळेच्या वर्गातही खेळ करता येई. घरबसल्या ऑनलाइन खेळाचा पूर्वज शोधायचा असेल तर तो टीव्हीत शोधू नये, या सोळाच्या प्रोजेक्टरात शोधावा असं मला वाटतं. चित्रपट थिएटरच्या इमारतीतून बाहेर काढला तो त्यानं.

लंडनच्या सोसायटीतल्या आयरिस बॅरी पुढे अमेरिकेत गेल्या आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातल्या चित्रपट ग्रंथालयाचं काम पाहू लागल्या. त्यांनी जुन्या चित्रपटांचे संच करून ते कॉलेजांकडे आणि संग्रहालयांकडे फिरवायला सुरुवात केली. रिळांच्या डब्यासोबत टिपणं जात: हा चित्रपट कोणी केला, कधी केला, आधीच्या चित्रपटांशी त्याचं नातं काय. डबा उघडणाऱ्या प्राध्यापकाला त्या टिपणांवरून तासभर बोलता येई. आज थिएटरचा माणूस चर्चेच्या दोन दिवस आधी सभासदांना जी ईमेल पाठवतो, तिचं मूळ या डब्यातल्या टिपणांत आहे.

सगळ्यांनाच हे बोलणं मानवत होतं असं नाही. आंरी लांग्ल्वा यांनी १९३५ मध्ये पॅरिसमध्ये आपलं चित्रपट मंडळ काढलं, ते सिने-क्लबांच्या रिवाजाविरुद्ध चर्चेला फाटा देऊन. चित्रपट दाखवायचा आणि पुढचा दाखवायचा. पुढच्या वर्षी त्यांनी जॉर्ज फ्रांज्यू यांच्यासोबत सिनेमातेक फ्रांसेझ या चित्रपट संग्रहालयाची स्थापना केली, आणि हजारो चित्रपट वाचवण्याचं श्रेय त्या संस्थेकडे जातं. खेळानंतर कुणीतरी माईक हातात घेऊन 'माझा प्रश्न नाही, पण मला एक सांगायचंय' असं सुरू केलं की लांग्ल्वांचं म्हणणं पटू लागतं, हेही इथे कबूल करायला हवं.

दुसऱ्या टोकाला चित्रपट समीक्षक आंद्रे बाझां. महायुद्धानंतरच्या फ्रान्समध्ये बाझां प्रोजेक्टरसोबत कारखान्यांत, क्लबांत, कामगारांच्या मंडळांत जात, चित्रपट दाखवत आणि मग लोकांना बोलतं करत. मार्सेल कार्नेच्या १९३९ मधल्या 'ल जूर स लेव्ह'मध्ये नायक रात्रभर आपल्या खोलीत कोंडून घेतो. खेळ संपल्यावर बाझां प्रेक्षकांना विचारत, त्या खोलीत काय काय सामान होतं? लोक धडाधड वस्तू सांगत. पण ज्या वस्तूला कथेत काहीच काम नाही, ती पडद्यावर डोळ्यांसमोर असूनही लोकांना आठवत नसे. दिसणं आणि लक्षात येणं यांतला फरक त्यांनी कुठल्याही सिद्धांताशिवाय, एका यादीवरून दाखवून दिला. चित्रपट रसास्वादाची आजवरची सगळी शिबिरं थोडीफार याच युक्तीवर चालतात.

१९४८ मध्ये एका १६ वर्षांच्या मुलानं पॅरिसमध्ये स्वतःचा सिने-क्लब काढला. त्याच्या खेळाची वेळ बाझांच्या क्लबच्या वेळेशी नेमकी भिडत होती, म्हणून तो तक्रार घेऊन बाझांकडे गेला. क्लब कर्जात बुडाला, पण बाझां त्याला मिळाले. त्या मुलाचं नाव फ्रान्स्वा त्रुफो, पुढचा नामवंत दिग्दर्शक.

त्याआधी वर्षभर, ऑक्टोबर १९४७ मध्ये, सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी सुरू केली होती. तिथेही आधी चर्चा झाली आणि मग चित्रपट निघाले. १९५९ मध्ये देशभरच्या अशा सोसायट्यांचा महासंघ झाला आणि राय त्याचे अध्यक्ष झाले.

न्यूयॉर्कमध्ये आमोस व्होगेल आणि त्यांची पत्नी मार्शिया यांनी १९४७ मध्येच 'सिनेमा १६' उभारलं. नावातले सोळा म्हणजे तीच १६ मिलिमीटर फिल्म. राज्याच्या सेन्सॉरशी खटके उडू लागल्यावर त्यांनीही लंडनचाच उपाय केला: खासगी क्लब, वार्षिक सभासदत्व. भरात असताना या संस्थेचे सुमारे ७,००० सभासद होते. शास्त्रीय माहितीपट, प्रायोगिक लघुपट आणि बंदी घातलेले चित्रपट एकाच संध्याकाळी लागत आणि प्रत्येक खेळाला छापील टिपणं मिळत. १९६३ मध्ये पैशाअभावी ते बंद झालं.

रोजचा खेळ लावणारं, तिकीट विकणारं स्वतंत्र थिएटर अमेरिकेत पसरलं ते वेगळ्या कारणानं. १९४८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मोठ्या स्टुडिओंविरुद्ध निकाल दिला आणि त्यांना आपापली थिएटरं सोडावी लागली. टीव्ही आला, स्टुडिओंचे चित्रपट कमी झाले, आणि छोट्या थिएटरांना पडद्यावर काय लावायचं हा प्रश्न पडला. उत्तर युरोपातून आलं आणि काही अंशी जुन्या कपाटांतून. केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॅटल थिएटरात १९५३ पासून परदेशी आणि जुने चित्रपट लागू लागले. तिथे हम्फ्री बोगार्टचे चित्रपट विद्यार्थ्यांनी इतक्यांदा पाहिले की संवाद पडद्याच्या आधी प्रेक्षकांतून येत. ब्रॅटलच्या चालकांनीच १९५६ मध्ये 'जानस फिल्म्स' ही वितरण संस्था काढली. अशा थिएटरांना धंद्यातले लोक चेष्टेनं 'हमखास सीट' म्हणत, कारण तिथे जागा मिळणारच!

व्हिडिओ कॅसेट आल्यावर ही चेष्टा खरी झाली. जो चित्रपट पाहायला सहा महिने वाट बघावी लागे तो कोपऱ्यावरच्या दुकानात भाड्यानं मिळू लागला, आणि १९८० च्या दशकात जुने चित्रपट दाखवणारी थिएटरं झपाट्यानं मिटली. पण याच काळात खेळानंतरच्या तासानं एक उडी मारली. लेझर डिस्कवर, म्हणजे चित्रपट साठवलेल्या मोठ्या तबकडीवर, आवाजाचे दोन मार्ग असत. १९८४ मध्ये क्रायटेरियन या कंपनीनं 'किंग काँग'ची डिस्क काढली तेव्हा त्यातल्या एका मार्गावर रोनाल्ड हेव्हर यांचं निवेदन भरलं: चित्रपट चालू आणि शेजारी एक जाणकार बोलतोय. हेव्हर लॉस एंजेलिसच्या कला संग्रहालयात चित्रपटांचे खेळ ठरवायचे. थिएटरच्या माणसाचं बोलणं तेव्हा पहिल्यांदा घरात शिरलं, फक्त प्रेक्षकाला उलट बोलता येत नव्हतं.

'व्हर्च्युअल' हा शब्दही या धंद्यात २०२० पूर्वीच आला होता. फिल्मची रिळं जाऊन डिजिटल प्रोजेक्टर आले तेव्हा प्रिंट काढायचा वितरकांचा खर्च वाचला. त्या बचतीतून थिएटरांच्या नव्या प्रोजेक्टरांचं कर्ज फेडायला वितरक दर चित्रपटामागे रक्कम देत आणि तिला 'व्हर्च्युअल प्रिंट फी' म्हणत. जी प्रिंट नाहीच तिची फी! एका पडद्याच्या कितीतरी थिएटरांना तेव्हा सभासदांकडे हात पसरून प्रोजेक्टर घ्यावा लागला. त्या निमित्तानं जमलेल्या ईमेलच्या याद्या मात्र २०२० मध्ये उपयोगी पडल्या.

टाळेबंदीतल्या ऑनलाइन खेळांना अटी बऱ्याच होत्या. चित्रपटाचे हक्क देशागणिक विकलेले असतात, म्हणून एका देशातलं तिकीट दुसऱ्या देशात चालत नसे. तिकीट काढल्यावर दोन-तीन दिवसांत चित्रपट पाहून संपवायचा. महोत्सवांनी तर तिकिटांची संख्याही बांधून घातली, जणू घराघरांत मिळून एकच सभागृह आहे. बंधनं कृत्रिम होती, पण त्यांच्यामुळे 'खेळ' ही कल्पना टिकली.

दारं उघडल्यावर हे खेळ ओसरले. वितरक पुन्हा थेट ऑनलाइन मंचांकडे वळले, आणि थिएटरला वाटा देण्याचं कारण कुलपाबरोबर गेलं. चर्चा बऱ्याच ठिकाणी टिकली. तिला फार खर्च नव्हता, आणि थिएटरपासून शेकडो मैलांवर राहणारे, कधीच दारात न आलेले लोक तिच्यात सामील झाले होते. तिचा पोत मात्र बदलला आहे. पूर्वी चित्रपट आणि बोलणं एकाच श्वासात होई, अंधारातून उठलेल्या डोळ्यांनी. आता लोक तीन बैठकांत चित्रपट पाहून, टाचणं काढून येतात. आणि बाझांचा तो प्रश्न विचारायची सोय राहिलेली नाही, कारण कुणीतरी चित्र थांबवून खोलीतलं सामान मोजून आलेलं असतं.