सायप्रसच्या किनाऱ्यावर पर्यटनासाठी जमीन घ्यायची असेल तर: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

भारतीय पासपोर्टवर सायप्रसमध्ये जमीन घेता येते. सरकारची परवानगी लागते आणि कागद नीट असतील तर ती सहसा मिळतेही. खरी अडचण वेगळीच आहे. सहज मिळणारी परवानगी स्वतःच्या राहण्याच्या घरासाठी असते, रिसॉर्टसाठी नाही. शिवाय 'बीचफ्रंट' म्हणून फोटोत दाखवतात ती वाळू विकण्याचा अधिकार कोणाला नसतोच. एजंटाला टोकन देण्याआधी एवढे डोक्यात पक्के असायला हवे.

आधी समुद्राची रेषा बघा

तिथे ब्रिटिश काळापासून चालत आलेला किनारा संरक्षण कायदा आहे, कायद्यांच्या संग्रहातले प्रकरण ५९. किनारा सरकारी मालकीचा आणि सर्वांना खुला असतो. भरतीच्या रेषेपासून शंभर यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, हा पट्टा या कायद्याच्या कक्षेत येतो आणि तिथल्या बांधकामावर कडक निर्बंध आहेत. कोकणात ज्यांनी सीआरझेडमधल्या (किनारी नियमन क्षेत्रातल्या) प्लॉटचे व्यवहार पाहिले आहेत त्यांना हे नवे नाही: सातबारा स्वच्छ असतो, पण घर बांधता येत नाही. म्हणून प्लॉटची किंमत विचारण्याआधी भूमी व सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर तो प्लॉट रेषेच्या कुठल्या बाजूला पडतो ते पाहा. पट्ट्यात मोडणारे क्षेत्रफळ वजा करून उरते तेवढ्याच जमिनीचा भाव करा.

दुसरा प्रश्न झोनचा. प्रत्येक प्लॉट कुठल्या ना कुठल्या नियोजन झोनमध्ये असतो. किती टक्के बांधकाम, किती मजले, पर्यटन वापराला मुभा आहे की नाही, हे सगळे त्यावरून ठरते. पाफोसजवळच्या अकामास द्वीपकल्पात निसर्गरम्य जागा भरपूर आहेत, पण तो भाग नातुरा २००० या युरोपीय संरक्षित जाळ्यात आहे आणि लारा किनाऱ्यावर समुद्री कासवे अंडी घालतात. तिथला स्वस्त प्लॉट म्हणजे बहुधा बांधकाम न होणारा प्लॉट. पाफोस शहराच्या आसपास पुरातत्त्व विभागाचाही विचार करावा लागतो, कारण तिथले प्राचीन अवशेष युनेस्कोच्या यादीत आहेत.

कोण पात्र, किती जमिनीला

युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकांना प्रकरण १०९ हा स्थावर मालमत्ता संपादन कायदा लागू होतो. परवानगीचा अधिकार मंत्रिमंडळाचा, पण नेहमीचे अर्ज जिल्हा प्रशासन कार्यालयच निकाली काढते. राहण्यासाठी घर, फ्लॅट किंवा जास्तीत जास्त ४,०१४ चौरस मीटर जमीन मिळू शकते. तिथे जमीन दोनमात मोजतात, एक दोनम साधारण १,३३८ चौरस मीटर. म्हणजे मर्यादा तीन दोनमांची, आपल्या हिशेबात सुमारे चाळीस गुंठे, एकराला किंचित कमी. एका बंगल्याला ही जागा ऐसपैस आहे. हॉटेलचा विचार असेल तर मात्र ही मर्यादा आणि 'स्वतःच्या वापरासाठी' ही अट दोन्ही आड येतात. व्यवसायाचा हेतू असेल तर अर्जात तो हेतू आणि प्रकल्पाचा तपशील मांडूनच परवानगी मागावी लागते. घराची परवानगी घेऊन नंतर तिथे खोल्या भाड्याने द्यायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

कंपनीच्या नावाने घ्यायचे म्हटले तरी परवानगीचा प्रश्न आपोआप सुटत नाही. परदेशी भागधारकांच्या ताब्यातली कंपनीही या कायद्यात परदेशी ठरू शकते. हा मुद्दा विकणाऱ्याच्या वकिलाकडून नव्हे, स्वतःच्या स्वतंत्र वकिलाकडून लेखी घ्या.

जमीन हाती आली म्हणजे हॉटेल झाले असे नाही. नियोजन परवानगी आणि बांधकाम परवानगी जुलै २०२४ पासून नव्या जिल्हा स्थानिक शासन संस्था देतात. मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण अहवाल लागतो, आणि हॉटेलचा परवाना पर्यटन उपमंत्रालयाचा.

जमीन घेतली की निवासपरवाना मिळतो, असेही सांगितले जाते. गुंतवणुकीवर नागरिकत्व देणारी योजना १ नोव्हेंबर २०२० रोजी बंद झाली. कायम निवासाची योजना चालू आहे, किमान ३ लाख युरोंची, पण नुसता मोकळा प्लॉट तिच्यात बसत नाही.

अर्ज आणि कागदपत्रे

अर्जाचा फॉर्म 'कॉम १४५'. मालमत्ता ज्या जिल्ह्यात आहे तिथल्याच जिल्हा प्रशासन कार्यालयात तो द्यायचा. सोबत पासपोर्टची प्रत, विक्री करार, मालकीपत्राची प्रत (तिथले लोक त्याला 'कोचान' म्हणतात), जागेचा नकाशा आणि आर्थिक क्षमतेचा पुरावा. वकिलाला मुखत्यारपत्र देणार असाल तर महाराष्ट्रातून नोटरी, मग राज्य सरकारकडून प्रमाणीकरण आणि शेवटी परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचे प्रमाणपत्र) असा क्रम आहे. भारत आणि सायप्रस दोघेही अपोस्टिल करारात असल्यामुळे वकिलातीचा वेगळा शिक्का लागत नाही. नावाचे स्पेलिंग पासपोर्ट, पॅन आणि बँक खात्यात एकसारखे आहे ना, ते इथेच तपासा. मधले नाव एका कागदावर असते, दुसऱ्यावर नसते, आणि तेवढ्यावरून फाइल परत येते.

क्रम असा ठेवा. मालकाच्या संमतीने भूमी नोंदणी कार्यालयातून शोध प्रमाणपत्र घ्या. त्यावर गहाण, जप्ती, आधीचा करार दिसतो. विकासकाचे गहाण न फेडल्यामुळे पूर्ण पैसे भरूनही वर्षानुवर्षे मालकीपत्र न मिळालेले खरेदीदार सायप्रसमध्ये हजारोंनी होते, त्यांच्यासाठी २०१५ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. मग करार करा आणि सही झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो भूमी नोंदणी कार्यालयात जमा करा. २०११ च्या कायद्याने या जमा करण्याला मोठे संरक्षण आहे: विकणारा मागे हटला तर न्यायालयातून व्यवहार पूर्ण करून मागता येतो. कॉम १४५ चा अर्ज त्यानंतर. परवानगीशिवाय अंतिम हस्तांतरण नोंदले जात नाही.

हस्तांतरण शुल्क टप्प्याने ३, ५ आणि ८ टक्के, त्यात निम्मी सूट. व्यावसायिक विक्रेत्याकडून बांधकामयोग्य प्लॉट घेतलात तर १९ टक्के व्हॅट लागू शकतो, आणि व्हॅट भरला तर हस्तांतरण शुल्क नाही.

उत्तरेकडची स्वस्त जमीन

१९७४ पासून बेटाचा उत्तर भाग तुर्की लष्कराच्या ताब्यात आहे. किरेनिया, फामागुस्ता भागातले समुद्रदर्शनी प्लॉट दक्षिणेपेक्षा स्वस्त दिसतात. यातली कितीतरी जमीन घर सोडून पळावे लागलेल्या ग्रीक सायप्रियटांची आहे आणि कायद्याने आजही त्यांचीच आहे. अशी जमीन मालकाच्या संमतीशिवाय विकत घेणे हा सायप्रस प्रजासत्ताकात गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एका ब्रिटिश दांपत्याने उत्तरेतल्या लापिथोसला अशा जमिनीवर व्हिला बांधला होता. तो पाडून जमीन मूळ मालकाला परत द्यावी आणि भरपाई द्यावी हा सायप्रसच्या न्यायालयाचा निकाल इंग्लंडमध्येही लागू होतो, असे युरोपीय न्यायालयाने २००९ मध्ये ठरवले. कोणाच्या तरी उजाड अंगणावर आपले रिसॉर्ट उभारू नका.

भारतातून पैसे पाठवताना

रहिवासी व्यक्तीला एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. बँकेत फॉर्म ए-२ आणि पॅन लागतो. वर्षाला १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक वसूल करते तो आयकर) कापला जातो, तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. घरच्यांची मर्यादा एकत्र करायची असेल तर ज्यांच्या नावे पैसे जातात ते सहमालक असले पाहिजेत. परदेशी कंपनीत भांडवल घालून हॉटेल करायचे असेल तर २०२२ चे परदेशी गुंतवणूक नियम लागू होतात. जमीन घ्यायची आणि विकायची एवढाच धंदा करणाऱ्या परदेशी कंपनीत पैसा घालता येत नाही. बांधकाम करून विकणे किंवा भाड्याने देणे त्या बंदीत येत नाही. एलआरएसने पाठवलेल्या पैशातून जमीन झाली की दरवर्षीच्या आयकर रिटर्नमधल्या 'एफए' या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात ती दाखवा, उत्पन्न शून्य असले तरी. न दाखवल्यास काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो.