नाव सासरी, बाळंतपण माहेरी: कोल्हापूर जिल्ह्यात पोषण आहार, मातृवंदना आणि शौचालय अनुदान कसं मिळवायचं

आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, ओटी भरून लेक माहेरी येते आणि सरकारी नोंद नेमकी तिथंच तुटते. नाव हातकणंगल्याच्या अंगणवाडीत, बाई गगनबावड्यात. मधल्या महिन्यांचा आहार बुडतो, बाळाच्या लसी दुसऱ्याच रजिस्टरला चढतात आणि पैशांचा हप्ता अडकून बसतो. यातलं बहुतेक सगळं टाळता येतं. त्यासाठी नाव वेळेत नोंदवायचं आणि गाव बदलताना ते सोबत न्यायचं.

नोंदणी कधी आणि कुठं

"तीन महिने कुणाला सांगायचं नाही" ही रीत अजून घरोघरी आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगू नका, पण आशाताईंना सांगा. उपकेंद्रातल्या नर्सबाईंकडं पहिल्या 12 आठवड्यांत नोंद व्हायला हवी. तिथं माता व बाल संरक्षण कार्ड मिळतं. पुढच्या प्रत्येक अर्जाला हे कार्ड लागतं. त्यावर शेवटच्या पाळीची तारीख बरोबर लिहून घ्या, कारण मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्याच्या मुदती त्याच तारखेपासून मोजतात. आठवत नाही म्हणून अंदाजे सांगितलेली तारीख पुढं त्रास देते.

दुसरी नोंद अंगणवाडीत करायची. गरोदर बाई, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत स्तनदा माता आणि सहा महिने ते सहा वर्षांची मुलं हे सगळे पात्र आहेत. इथं उत्पन्नाची अट नाही, रेशनकार्डाचा रंगही बघत नाहीत. बाईचं आधार, संरक्षण कार्ड आणि आधारला जोडलेला मोबाईल नंबर एवढं पुरतं. बाळाचं आधार निघालेलं नसेल तर आईच्या आधारावर नोंद होते. अंगणवाडीताई पोषण ट्रॅकर या अ‍ॅपमध्ये नाव भरतात, ओटीपी घेतात, फोटो काढतात. घरी न्यायचा आहार देताना आता चेहरा जुळवून बघितला जातो. ओटीपी मात्र फोनवर येतो, त्यामुळं फोन नवऱ्याकडं आणि नवरा कामावर अशी स्थिती असेल तर नोंदणीच्या दिवशी तो फोन घरी ठेवून घ्या.

तीन वर्षांखालच्या मुलांना, गरोदर आणि स्तनदा मातांना आहार घरी न्यायला मिळतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीतच गरम शिजवलेलं खायला घालतात. गरोदर आणि स्तनदा मातेसाठी दिवसाला 600 कॅलरी आणि 18 ते 20 ग्रॅम प्रथिनं, मुलासाठी 500 कॅलरी, असं हे प्रमाण वर्षातल्या 300 दिवसांसाठी ठरलेलं आहे. हे घरच्या जेवणाच्या जागी नाही, त्याच्यावर आहे. पाकीट आणलं आणि घरातल्या सगळ्यांनी वाटून खाल्लं, तर ज्या बाईसाठी ते आलं तिच्या वाट्याला चार घास येतात. सासूबाईंनी एवढं एक बघितलं तरी खूप झालं.

माहेरी जाताना सासरच्या अंगणवाडीताईंना सांगून निघा. पोषण ट्रॅकरमध्ये नाव एका अंगणवाडीतून दुसरीकडं हलवता येतं. माहेरच्या ताईंनी नवीन नाव म्हणून परत भरलं तर आधार आधीच वापरलेलं दिसतं आणि नोंद अडते. तेव्हा "माझं नाव अमुक गावच्या अंगणवाडीत आहे, ते इकडं घ्या" असंच सांगा. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून करवीर, कागल, शिरोळच्या फडांवर आलेल्या बायकांनाही हाच मार्ग आहे. त्यांच्या मुलांना आहार आणि लस इथल्याच अंगणवाडीत आणि उपकेंद्रात मिळायला हवी. टोळी गावाशेजारी उतरली असेल, तर गावकऱ्यांनी ही गोष्ट मुकादमाच्या कानावर आवर्जून घालावी.

मातृवंदनेचे पैसे

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी 5,000 रुपये दोन हप्त्यांत मिळतात. गरोदरपणाची नोंद आणि शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत किमान एक तपासणी झाली की 3,000. बाळाचा जन्म नोंदवून साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी पूर्ण झाल्या की 2,000. दुसरं अपत्य मुलगी असेल तर 6,000 रुपये एकरकमी. पहिल्या अपत्यासाठी शेवटच्या पाळीपासून 570 दिवसांत आणि दुसऱ्या मुलीसाठी जन्मापासून 270 दिवसांत अर्ज करावा लागतो. गर्भपात झाला किंवा मूल मृत जन्मलं, तर पुढच्या वेळी बाईला नव्यानं लाभ मिळतो. हे कुणी सांगत नाही म्हणून इथं मुद्दाम लिहितेय.

पात्रतेसाठी पुढच्यापैकी एकच गोष्ट पुरते: अनुसूचित जाती-जमाती, 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व, दारिद्र्यरेषेखालचं किंवा अन्नसुरक्षेचं रेशनकार्ड, आयुष्मान कार्ड, असंघटित कामगारांचं ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड, किसान सन्मान निधी घेणारी शेतकरी बाई, किंवा कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत. इचलकरंजीत मागावर काम करणाऱ्या घरांना ई-श्रम कार्ड सगळ्यात सोपं पडतं. सरकारी नोकरीत कायम असलेल्या बाईला मात्र ही योजना नाही.

कागदपत्रं म्हणजे बाईचं आधार, संरक्षण कार्ड, पात्रतेचा एक पुरावा, पासबुक आणि दुसऱ्या हप्त्याला बाळाचा जन्मदाखला. नवऱ्याचं आधार सक्तीचं नाही, त्यामुळं एकट्या बाईनं मागं सरू नये. अर्ज आशाताई किंवा अंगणवाडीताईंमार्फत करा, नाहीतर योजनेच्या पोर्टलवर स्वतः भरा. त्याला शुल्क नाही.

आता खरी अडचण. पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यावर नाही, तर आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यावर जातात. माझ्या भावजयीचा पहिला हप्ता लग्नाआधी काढलेल्या, विसरलेल्या खात्यात जाऊन पडला होता आणि आम्ही तीन महिने दुसऱ्याच पासबुकावर एंट्री मारत होतो. म्हणून अर्जाआधी बँकेत जाऊन विचारा, माझं आधार कुठल्या खात्याला जोडलंय? दुसरी अडचण नावाची. आधारवर माहेरचं आडनाव, पासबुकावर सासरचं. दोन्हीकडं अक्षरन् अक्षर सारखं करून घ्या, मग फॉर्म भरा.

अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या बाईला सरकारी दवाखान्यात बाळंत झाल्यावर जननी सुरक्षा योजनेतून ग्रामीण भागात 700 आणि शहरात 600 रुपये वेगळे मिळतात. सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त आणि तिथलं जेवण सगळ्यांनाच मोफत आहे. 102 ला फोन केला की न्यायला-आणायला गाडी मिळते.

घरातली स्वच्छता आणि 12,000 रुपये

आहार व्यवस्थित चालू असून वजन वाढत नाही, अशी मुलं अंगणवाडीताईंना नेहमी भेटतात. पुष्कळदा कारण जुलाब असतात. दर पंधरवड्याला पोट बिघडत असेल तर खाल्लेलं अंगी लागत नाही. म्हणून शौचालय, पाणी आणि साबण हाही आहाराचाच भाग धरा. शौचाहून आल्यावर, बाळाचं शी-शू आवरल्यावर आणि घास भरवण्याआधी साबणानं हात धुवायचे, नुसत्या पाण्यानं नाही. जुलाब लागले तर आशाताईंकडं ओआरएस (मीठ-साखरेची पाण्यात मिसळायची पुडी) आणि झिंकच्या गोळ्या मोफत मिळतात. जुलाब थांबले तरी झिंक 14 दिवस द्यायचं.

घरी शौचालय नसेल आणि पूर्वी अनुदान घेतलेलं नसेल, तर स्वच्छ भारत मिशनमधून 12,000 रुपये मिळतात. दारिद्र्यरेषेखालची कुटुंबं पात्र आहेतच. त्याशिवाय अनुसूचित जाती-जमाती, अल्पभूधारक शेतकरी, भूमिहीन मजूर, अपंग व्यक्ती आणि बाईच कुटुंबप्रमुख असलेली घरंही पात्र आहेत. आधार, रेशनकार्ड, पासबुक आणि पात्रतेचा दाखला घेऊन ग्रामपंचायतीत अर्ज द्या. बांधून झाल्यावर जागेवर फोटो घेतात आणि पैसे खात्यावर येतात. शक्य असेल तर दोन शोषखड्ड्यांचंच बांधा. एक भरला की दुसरा वापरायचा, पहिल्यातलं दीड-दोन वर्षांत खत होतं.

आहार मिळत नसेल किंवा नाव घ्यायला कुणी नकार दिला, तर आधी अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकांना भेटा. मग बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडं लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीची नोंद कुठंच राहत नाही.

सगळे कागद एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोळ, करवीरच्या नदीकाठच्या घरांत कागदपत्रांचा लगदा झाला होता. संरक्षण कार्डाच्या पानांचे फोटो फोनमध्ये काढून ठेवा आणि ते माहेरच्या फोनवरही पाठवा. कार्ड भिजलं किंवा हरवलं तर उपकेंद्रात त्या फोटोंवरून लसींच्या तारखा नव्या कार्डावर लिहून घेता येतील.