५ मिलिमीटरपुढे अडणारं ३०० किलोचं मशीन

घरच्या वर्कशॉपसाठी जुना लेथ (दांडा फिरवून कातायचं यंत्र) किंवा बँडसॉ (पट्टीची यांत्रिक करवत) घेतला आणि हलवता यावा म्हणून खाली चाकं लावायची म्हटलं, की चाकांच्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला: "वजन किती झेपतं?" मशीन ३०० किलोचं, चाकं चार, म्हणजे प्रत्येकी ७५ किलो. चाकावर १०० छापलंय, झालं काम! पण खरी मेख व्यासात आहे.

सपाट कोब्यावर कडक, चांगलं चाक भाराच्या दोन-तीन टक्के जोरावर चालतं. ३०० किलोला सहा ते नऊ किलो जोर पुरतो. पण शहाबादी फरशीत एखादी फरशी शेजारच्या फरशीपेक्षा ५ मिलिमीटर वर असतेच.

५० मिलिमीटर व्यासाचं चाक त्या कडेला टेकलं की पुढे जायला त्याला कडेभोवती वर चढावं लागतं. इथे तरफेचा नियम लावा. त्रिज्या २५. कड आसापासून २५ वजा ५, म्हणजे २० खाली, आणि पायथागोरसप्रमाणे १५ पुढे. आपला आडवा जोर २० च्या भुजेवर काम करतो, वजन १५ च्या भुजेवर विरोध करतं. म्हणून जोर हवा भाराच्या १५/२०, म्हणजे पाऊणपट! ७५ किलोला ५६. पुढची दोन्ही चाकं एकदम अडली तर ११२. शाळेतला ३-४-५ चा त्रिकोण फरशीच्या सांध्यात भेटतो, याचा मला फार आनंद होतो. व्यास १०० केला की भुजा ४५ आणि सुमारे २२, जोर भाराच्या निम्म्याहून थोडा कमी.

पिलर ड्रिलसारखं (उभ्या खांबावरचं ड्रिल) डोकं जड असलेलं मशीन वरून ढकलू नका. चाक अडलं की ते तिथेच कलंडतं. हात खाली, बैठकीला लावा.

जड यंत्र नैऋत्येलाच हवं, असं सांगणारे भेटतात. गुरुत्वाकर्षण दिशा बघत नाही. उजेड कुठून येतो आणि लांब फळीला पुढे-मागे किती जागा लागते, हे बघा.

वजनाचा हिशेबही चारने भागून चालत नाही. उंचसखल जमिनीवर एखादं चाक अधांतरी राहतं, म्हणून तीनने भागा: १०० किलो. म्हणजे ते १०० छापलेलं चाक अगदी काठावर आलं. लेथ तर चाकांवर उभा ठेवून चालवूच नये. असमान आधारावर त्याचा बीडाचा बेडसुद्धा (ज्यावर सगळे भाग बसतात तो लांब पाया) किंचित पिळतो आणि सरळ कातलेला दांडा एका टोकाला जाड निघतो. कोपऱ्यांत जॅक बोल्ट (फिरवून मशीन वर उचलणारे बोल्ट) बसवा, काम करताना चाकं उचललेली ठेवा आणि मशीन हलवल्यावर दर वेळी बेडच्या दोन्ही टोकांना लेव्हल आडवी ठेवून तपासा.